ग्रेच्चिओची गव्हाण

इटलीच्या मध्यभागीं, रिएतीच्या खोऱ्यांत, डोंगराच्या कड्याला बिलगून ग्रेच्चिओ नांवाचें लहानसें गांव आहे. नाताळांत चर्चच्या अंगणीं खरीं गुरें, खरें गवत आणि हाडामांसाचीं माणसें उभीं करून येशूजन्माचा देखावा दाखविण्याची प्रथा आज अनेक देशांत आहे. तिचें मूळ बहुधा या गांवींच शोधलें जातें. वसईच्या ख्रिस्ती घरांत मांडला जाणारा गोठाही याच कुळांतला.

गोष्ट सन १२२३ ची. असीसीचा फ्रान्सिस हा श्रीमंत कापडव्यापाऱ्याचा मुलगा. पण सर्वस्व सोडून भिक्षेकरी झालेला. नाताळाच्या सुमारें पंधरा दिवस आधीं त्यानें जोव्हान्नी नांवाच्या तेथील सरदारास निरोप धाडला : बेथलेहेमचें बालक कसल्या हालांत जन्मलें, गवतावर कसें निजलें, हें याच डोळ्यांनीं पाहावयाचें आहे, तरी गव्हाण, गवत, एक बैल व एक गाढव यांची तजवीज व्हावी.

त्या रात्रीं आसपासचे स्त्रीपुरुष मशाली व मेणबत्त्या घेऊन रानांतून आले. गव्हाणीवरच मिस्सा झाला. फ्रान्सिस धर्मगुरु नव्हता, डीकन होता. म्हणून त्यानें शुभवर्तमान गाइलें आणि प्रवचन केलें. परंतु त्या देखाव्यांत नट कोणीच नव्हते! पुढें पांचसहा वर्षांतच चरित्र लिहिणाऱ्या चेलानोच्या थॉमसनें मरिया वा योसेफ यांची सोंगें सांगितलेलीं नाहींत. गव्हाणींत बालकही नव्हतें; तें निजलेलें एका भाविकास मात्र दिसलें, असें तो लिहितो. सारें बळ त्या रिकाम्या जागेंत होतें.

बैल व गाढव तरी कोठून आले? लूकच्या शुभवर्तमानांत गव्हाण आहे, पण जनावरें नाहींत. तीं आलीं यशयाच्या ग्रंथांतून. मुकीं जनावरें धन्याला ओळखतात, माणसें ओळखीत नाहींत, ही तेथील तक्रार आहे.

असें कांहीं करणें त्या काळीं जोखमीचेंच होतें. चर्चमध्यें मुखवटे घालून चालणाऱ्या खेळांवर पोप तिसरे इनोसंट यांनीं सन १२०७ मध्यें कडक ताशेरे ओढले होते. म्हणूनच फ्रान्सिसनें आधीं पोपची अनुज्ञा घेतली, असें पुढें बोनाव्हेंतूरनें नमूद केलें. भीति अगदींच खोटी नव्हती. आजही पोशाख, दिवे आणि उंटांची मिरवणूक यांच्या गडबडींत पाहणाऱ्यास गरिबी दिसतच नाहीं, असें पुष्कळदां घडतें. उलट, जेथें मेंढपाळ स्वतःचीं मेंढरें आणतो, सुतार स्वतःचीं हत्यारें आणतो, तेथें शेजारीच शेजाऱ्याकडे निराळ्या नजरेनें पाहूं लागतो.

सन २०१९ च्या १ डिसेंबरला पोप फ्रान्सिस ग्रेच्चिओस गेले आणि या देखाव्याविषयींच्या पत्रावर त्यांनीं तेथेंच सही केली. मूळच्या त्या रात्रींचें गवत मात्र गांवकऱ्यांनीं जपून ठेवलें होतें. आजारी गुरांना तें चारीत, आणि अडलेल्या बाळंतिणीच्या अंगावर त्यांतल्या चार काड्या ठेवीत.