पायऱ्यांवाचून प्रगति

आजचा विषय खेळांचा आहे. पण तो लहान मुलांपुरताच असें समजून कोणीं रेडिओचा कान पिळूं नये. संगणकाच्या जाळ्यावर हजारों माणसें एकाच वेळीं एका काल्पनिक जगांत उतरतात. कोणी योद्ध्याचें सोंग घेतो, कोणी वैद्याचें, कोणी शिंप्याचें. या सोंगाची वाढ कशी मोजावी, यावर त्या लोकांत मोठा वाद आहे. मीं अडतीस वर्षें मुलांना इयत्तांच्या खणांत बसविण्याचें काम केलें. त्यामुळें भाच्यानें हा वाद समजावून सांगितला तेव्हां तो मला अगदीं घरचा वाटला.

रूढ पद्धति अशी. शत्रु मारला कीं अनुभवाचे गुण मिळतात. ठराविक गुण सांठले कीं पात्र एक पायरी वर चढतें. या पायरीस खेळाडू ‘लेव्हल’ म्हणतात. तिचें मूळ युद्धखेळांत आहे. १९७१ सालीं अमेरिकेंत ‘चेनमेल’ नांवाचे नियम छापले गेले. त्यांत ‘वीर’ चार शिपायांच्या बरोबरीचा आणि ‘महावीर’ आठांच्या बरोबरीचा धरला होता. पुढें १९७४ मध्यें गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तेव्हां योद्ध्याच्या चौथ्या व आठव्या पायरीस हींच नांवें राहिलीं. म्हणजे माणसाला काय येतें हें तो आंकडा मुळांत सांगतच नव्हता. तो किती जणांना पुरून उरेल, एवढेंच सांगत होता.

घरीं चौघांनीं बसून खेळतांना यांत फारसें बिघडलें नाहीं. जाळ्यावर मात्र बिघडलें. दोघे मित्र बरोबर खेळूं लागले आणि एकाला परीक्षेपायीं महिनाभर येतां आलें नाहीं, कीं दुसरा वीस पायऱ्या पुढें निघून जातो. मग याला झेपणारा शत्रु त्याला पोरखेळ, आणि त्याला साजेसा शत्रु याला काळ! मैत्री तशीच राहते, पण खेळ वेगळे होतात. शिवाय शिखरही स्थिर नसतें. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ मध्यें ६० पायऱ्यांचा होता. तो चढत चढत २०१८ मध्यें १२० पायऱ्यांचा झाला. अखेर २०२० मध्यें १२० वर पोहोंचलेल्यांना ५० वर उतरवून शिखर पुन्हां ६० वर आणावें लागलें. चलन फुगल्यावर सरकार नोटेवरचीं शून्यें खोडतें, त्यांतलाच हा प्रकार.

दुसरी वाट १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’नें दाखविली. तेथें जें कौशल्य वापराल तेंच वाढतें, आणि तें जों जों वाढेल तों तों पुढची वाढ दुर्मिळ होते. जाळ्यावर हीच कल्पना १९९७ मध्यें ‘अल्टिमा ऑनलाइन’नें चालविली. तलवार चालवा, तलवार येईल. मासे धरा, मासेमारी येईल. प्रत्येक कौशल्य १०० पर्यंत, पण सर्वांची बेरीज मुळांत ७०० हून अधिक होऊं द्यावयाची नाहीं, असा नियम होता. सात विद्यांत पारंगत झालेल्यास आठवी हवी असेल तर आधींची एखादी सोडावी लागे. हें मला फार आवडलें. आमच्या तालमींत पहिलवानाला तूं कितवींत, असें कोणी विचारीत नाहीं; ढाक बसते कीं धोबीपछाड, हें पाहतात.

पण येथेंही खोट निघालीच. वापरानें विद्या वाढते म्हटल्यावर लोक निरर्थक वापर करूं लागले. कळा आपोआप दाबणारी युक्ति लावून द्यावयाची आणि आपण खुशाल झोपावयाचें. सकाळीं पात्र हुशार! आमचीं पोरें शुद्धलेखनाची एकच ओळ दहा वेळां उतरीत, तेव्हां त्यांचें मन कोठें असे हें मला ठाऊक आहे.

आइसलंडांत २००३ मध्यें निघालेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’नें मग कष्टच काढून टाकले. तेथें खेळाडू गैरहजर असतांही पात्राचें शिक्षण घड्याळाबरोबर चालूं राहतें. जुन्याला नवा कधींच गांठणार नाहीं, असें वाटेल. पण हिशेब निराळा आहे. प्रत्येक कौशल्याच्या पांचच पायऱ्या. सर्वांत सोप्या कौशल्याच्या चार पायऱ्यांना मिळून ४५,२५५ गुण लागतात, पांचवीपर्यंत २,५६,०००. पुष्कळ कौशल्यांत प्रत्येक पायरीचा लाभ मात्र सारखाच. म्हणजे पांचवा हिस्साही वेळ न घालवितां नवशिका त्या एका कामांत जुन्याच्या चार-पंचमांश योग्यतेचा होतो. योजना सुंदर होती. परंतु २०१६ पासून एका पात्राची विद्या काढून दुसऱ्यास विकण्याची सोय झाली, आणि पैसेवाल्यास वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं. विद्या विकत मिळूं लागल्यावर शिक्षकानें काय बोलावें?

सर्वांत करुण कथा ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ची. २००३ मध्यें तो सुरू झाला तेव्हां त्यांत पायऱ्या नव्हत्या. प्रत्येकास २५० कौशल्यगुण. ते कोणत्या धंद्यांत वांटावयाचे तें त्यानें ठरवावें. लढाईनें थकलेल्यांचा शीण नर्तक आणि वादक उतरवीत, म्हणून योद्ध्याला त्यांच्यासमोर येऊन बसावेंच लागे. बंदूक न उचलतां माणसाला गांवांत मान मिळे. चालकांना मात्र हें सामान्य गिऱ्हाइकास अवघड वाटलें. एप्रिल २००५ मध्यें लढाईच्या पायऱ्या आल्या, आणि नोव्हेंबरांत अनेक धंदे मोडून अवघे नऊ वर्ग ठेवले. पशु माणसाळविणारांचा धंदा तर साफ नाहींसा झाला. ज्यांनीं महिनोन् महिने त्यांत घालविले होते, त्यांची कमाई एका रात्रींत गेली. पुष्कळ लोक रागानें सोडून गेले. १५ डिसेंबर २०११ रोजीं तो खेळ बंद पडला.

मग पायऱ्या अजिबात टाकाव्या काय? मला तसें वाटत नाहीं. नव्या माणसाला आपण कोठें आहों हें सांगणारा आंकडा धीर देतो. पहिलीच्या मुलाला आपली इयत्ता सांगतांना होणारा आनंद खोटा नसतो. पण मित्रांची ताटातूट होऊं नये, एवढें तरी पाहावें. २००४ च्या ‘सिटी ऑफ हीरोज’ने त्याची साधी तोड काढली होती. पुढें गेलेल्यानें मागें राहिलेल्या मित्रास आपला जोडीदार करावयाचें. मग दोघे बरोबर असेपर्यंत मागल्याची शक्ति पुढल्याच्या जवळपास चढे. दोघे वेगळे झाले कीं ज्याचा तो आपल्या पायरीवर.