बिघडलेली मुलाखत
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला मुलींच्या उच्च शिक्षणावर बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय मोठा, आणि माझी धाव कोपरीपासून ठाणे स्टेशनापर्यंत. म्हणून घरात घडलेली एकच हकिगत सांगते.

माझ्या धाकट्या मुलीने परदेशातील एका व्यवस्थापन-विद्यालयाकडे अर्ज केला. आपल्याकडे अहमदाबादची संस्था १९६१ पासून आहे, चर्चगेटचे जमनालाल बजाज १९६५ पासून आहे. मग इतक्या लांब कशाला, असे मी विचारून पाहिले. उत्तर मिळाले नाही!

काही विद्यालयांची रीत अशी, की मुलाखत तेथून शिकून आलेल्या माणसाने आपल्याच शहरात घ्यायची. फ्रान्सच्या इन्सीडमध्ये तर अशा दोन होतात. हिची एकच होती. हे लोक अहवाल पाठवतात, निर्णय मात्र विद्यालय करते. हे मला पुष्कळ उशिरा समजले.

गृहस्थ पाऊण तास उशिरा आले. अर्ज वाचलेला नव्हता. लग्न कधी करणार, नवरा नको म्हणाला तर ही जागा फुकट जाणार नाही का, असे विचारू लागले. हिचा आवाज चढला. पुढे तिच्या स्वतःच्या कामाचे आकडे विचारले, तेही तिला नीट सांगता आले नाहीत.

रात्री घरी येऊन रडली. मी म्हटले, "गप्प राहा गं. तक्रार केलीस तर नाव खराब होईल."

माझ्या सुनेने मात्र वही पुढे केली. आठवते आहे तोवर सारे लिहून काढायचे: त्यांनी काय विचारले ते एका बाजूला, हिने काय उत्तर दिले ते दुसऱ्या बाजूला. लिहिताना दिसले, की आकडे चुकले हा दोष हिचाच. तो पत्रात घालायचा नाही. लग्नाचे प्रश्न तेवढे घालायचे.

सकाळी त्या गृहस्थांना आभाराच्या दोन ओळी गेल्या. विद्यालयाला वेगळे पत्र गेले: तारीख, वेळ, ते दोन प्रश्न, आणि दुसऱ्या कोणी मुलाखत घ्यावी ही विनंती. 'उद्धट' हा शब्द तिने लिहिला होता, तो सुनेने खोडला. पत्र निकालाआधीच गेले पाहिजे, असा तिचा हट्ट होता. नंतर लिहिले तर द्राक्षे आंबट म्हणतील.

आठ दिवसांनी उत्तर आले. दुसरी मुलाखत एका बाईंनी संगणकावरून घेतली. आमच्या मागच्या खोलीत तासभर कुकर बंद होता. तरी त्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. पुढच्या वर्षी दुसरीकडे मिळाला.

पत्र गेले त्या दिवशी मी मुलीला सांगितले, की १९८६ साली नोकरीच्या मुलाखतीत मलाही हेच विचारले होते. ती म्हणाली, "मग तू काय केलंस, आई?"

मी गाडीत बसले, ठाणे येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून राहिले, आणि पुन्हा कुठे अर्ज केला नाही. घरात हे मी प्रथमच बोलले.

त्या पत्राची नक्कल सुनेने जपून ठेवली आहे. ज्यांच्या घरी असा अर्ज चालू असेल त्यांनी दुपारी चारनंतर केव्हाही यावे.