किल्लारीहून हट्टीस

नोकरी संपली कीं माणसें काशीस जातात, रामेश्वरास जातात. लातूर जिल्ह्यांतील किल्लारीचे एक वृद्ध पोस्टमास्तर मात्र रायचूर जिल्ह्यांतील हट्टी या आडवळणाच्या गांवीं सोन्याची खाण पाहावयास गेले. सोन्याचा लोभ त्यांस नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानें त्यांचें घर पडलें, घरांतील दोन माणसें गेलीं. तेव्हांपासून पायांखालच्या भूमीवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. तिच्या पोटांत काय आहे तें एकदां पाहावें, एवढाच हेतु.

भूकंपानंतर शास्त्रज्ञांनीं किल्लारीस ६१७ मीटर खोल छिद्र घेतलें. वरचा काळा पत्थर ३३८ मीटर जाडीचा निघाला. त्याखालीं गाळाचा पातळ थर, आणि त्याहूनही खालीं अतिप्राचीन खडक. हा पाया किल्लारीकरांच्या दृष्टीस कधीं पडत नाहीं. परंतु दक्षिणेची वाट धरली कीं वरचें काळें पांघरूण सरतें. उमरग्यापुढें कलबुर्ग्यापर्यंत काळी माती, मग शहाबादी फरशीचा मुलूख. शहापूर-सुरपूरकडे ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा एकीवर एक बसलेल्या. आणि कृष्णा ओलांडल्यावर लिंगसुगूर व हट्टी. घरीं जें खोल गाडलेलें, तसलेंच जुनें पाषाण येथें उघड्यावर!

हट्टीचें सोनें गारगोटीच्या शिरांत असतें. टनभर दगड दळावा तेव्हां कांहीं ग्रॅम हातीं येतें. तरीही सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचे लोक येथें जवळजवळ १९५ मीटर खोल उतरले होते. सुरुंग नव्हता, खडकाशीं लाकडें जाळीत, आणि तापला दगड पाण्यानें तडकवीत. त्या जळणाचा कोळसा जुन्या कामांत सांपडला, त्यावरूनच काळ ठरला. एवढ्या खोलीवर, त्या धुरांत, माणसें जगलीं तरी कशीं असतील? पुढें इंग्रजी कंपनी आली नि गेली. १९३७ सालीं निजाम सरकारनें खाण पुन्हां उघडली. किल्लारी व हट्टी तेव्हां एकाच राज्यांत होतीं.

परक्या माणसास खाणींत उतरूं देत नाहींत. पोस्टमास्तर फाटकासमोर चहाच्या दुकानीं बसून राहिले. पाळी सुटली. धुळीनें पांढरा झालेला एक कामगार शेजारीं येऊन बसला. सीमेवरच्या माणसास कानडी थोडें येतेंच.

“तम्मा, वर एवढा डोंगर असतां भीति वाटत नाहीं?”

“वाटते, अज्जा. म्हणून आधीं छताला पहारीनें ठोकून पाहतों. आवाज खणखणीत आला तर खालीं उभें राहावयाचें. पोकळ आला तर सैल दगड पाडून घ्यावयाचा, मग पुढचें काम.”

पोस्टमास्तर बराच वेळ बोलले नाहींत. किल्लारीच्या घरांस दोन-दोन हात रुंद भिंती, दगड मातींत बसविलेले, वर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत गारवा असे, त्याचा सर्वांस अभिमान. दर पावसाळ्याआधीं वर आणखी माती पडे.

“आमच्याकडे तसें कोणी ठोकून पाहिलें नाहीं,” ते अखेर म्हणाले.

“कोणतें गांव?”

“किल्लारी.”

कामगारानें हातांतला पेला खालीं ठेवला. चहाचे पैसे त्यानें पोस्टमास्तरांस देऊं दिले नाहींत.