टॉवरची निविदा



अंकुशनगर हे साखर कारखान्याचे गाव. येथे निविदा म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको. सहकारी कारखाने साखर विकतात ती निविदा मागवून, आणि ज्याचा भाव चढा त्याला माल मिळतो. आज जिच्याविषयी बोलावयाचे ती निविदा उलट्या चालीची आहे. तेथे सरकार गिऱ्हाईक असते, आणि जो कमीत कमी मागेल त्याला काम मिळते.

गिऱ्हाईक कशाचे, तर मोबाइल सेवेचे. ज्या गावात टॉवर कंपनीला परवडत नाही, तेथली तूट भरून काढण्यासाठी सार्वत्रिक सेवा निधी उभारला गेला. 2003 च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचा आधार मिळाला. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. कंपन्यांच्या उत्पन्नावरील आकारणीतून तो भरतो. म्हणजे पैसा अखेर तुमच्याआमच्या रिचार्जमधलाच!

2007 साली या निधीतून सात हजारांहून अधिक टॉवरांचे काम निघाले. त्या निविदेची रचना आम्हांस शहाणपणाची वाटते. टॉवर उभारण्याची बोली वेगळी आणि त्यावरून सेवा देण्याची वेगळी ठेवली. शिवाय एका टॉवरवर तीन कंपन्यांची सोय हवी, अशी अट घातली. नाहीतर ज्याचा टॉवर त्याचे गाव, असा प्रकार झाला असता.

बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो, हे आपण पाहिले आहे. निविदेचा दरही झाकलेलाच असतो. पण ठरल्या वेळी तो सर्व बोलीदारांपुढे उघडावा लागतो. आधी तांत्रिक पाकीट, त्यात जे टिकतील त्यांचेच दराचे पाकीट. आता ही पाकिटे संगणकावर असतात, एवढाच फरक.

2021 साली केंद्र सरकारने पाच राज्यांतील 44 आकांक्षित जिल्ह्यांमधील 7,287 गावांसाठी 4जी सेवेची योजना मंजूर केली. त्यांत महाराष्ट्र होता. अंदाजी खर्च 6,466 कोटी, त्यात पाच वर्षे चालविण्याचाही खर्च धरलेला, आणि काम खुल्या स्पर्धेने द्यावयाचे ठरले. पुढच्याच वर्षी 24,680 गावांचे 26,316 कोटींचे काम मात्र बीएसएनएलकडे स्पर्धेवाचून सोपविले गेले. भागाकार करून दोहोंची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु दुसऱ्या रकमेत 6,279 जुन्या गावांची सुधारणाही आहे, तेव्हा तो हिशेब सरळ नाही. आडरानात खाजगी कंपनी जाणार नाही, हे म्हणणे खोटे नव्हे. पण स्पर्धा टाळली की खरी किंमत कळण्याचा एक मार्ग बुजतो. म्हणूनच 2017 च्या वित्तीय नियमांत अशा वेळी सविस्तर कारण नोंदविण्याचे बंधन आहे.

कोणी म्हणेल, स्पर्धा झाली की सारे झाले. तसे नाही. खुर्च्या विकत घेतल्या तर त्या मोजून घेता येतात. सेवा पाच वर्षे घ्यावयाची असते. वीज गेल्यावर टॉवर किती तास चालू राहिला पाहिजे, बंद पडला तर किती पैसे कापावयाचे, हे आकडे निविदेत नसतील, तर सर्वांत कमी दर भरणारा बॅटरीवरच काटकसर करील. मग रात्री रुग्णवाहिका बोलावण्यासाठी माणसाला टेकडी चढावी लागेल, आणि कागदावर ते गाव रेंजमध्येच असेल.