आजाऱ्याच्या उशाशी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. १९८८ साली गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, साच्यावर उभा राहिलो, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केली. जे काही वाचलं ते चळवळीत येऊन वाचलं. समितीनं मला विषय दिला आहे 'रुग्णसेवा'. त्यावर पुस्तकातलं थोडं आणि माझ्या चुकांतलं जास्त सांगणार आहे. माझी पत्नी समोरच बसली आहे, त्यामुळे खोटं बोलायची सोय नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तो घेतला आहे. एक भिक्खू हगवणीनं आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. कुणी जवळ जाईना. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. तथागतांनी पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं आणि दोघांनी उचलून खाटेवर निजवलं. मग संघाला सांगितलं की इथं तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली पाहिजे. तिथंच सेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता यावं. काय द्यायचं, काय नाही, हे कळावं. लोभानं नव्हे, मैत्रीनं करावं. घाणीची किळस नसावी. आणि वेळोवेळी आजाऱ्याला धम्माचे दोन शब्द सांगून धीर देता यावा.

बंधूंनो, माझ्याकडे मैत्री होती. दुसरा आणि पाचवा गुण नव्हता.

२०१४ साली हिच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. लहानपणच्या सांधेतापानं ती आखडली होती. पैशाची सोय तेव्हाच्या राजीव गांधी जीवनदायी योजनेतून झाली. २०१७ पासून तिचंच नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड घेऊन आधी त्याला भेटा. सावकाराकडे मागून जा.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री ही मला म्हणाली, "मी परत आले नाही तर पोरीची शाळा सोडवू नका." मी तिला गप्प केलं. म्हटलं, "असलं अभद्र बोलू नकोस." ती भिंतीकडे तोंड करून झोपली. झोपली कसली, जागीच होती.

पहाटे पाचला म्हणाली, घसा कोरडा पडलाय. संध्याकाळी सिस्टरनं माझ्या मेव्हण्याला सगळं सांगितलं होतं. त्यानं मला जाताना एवढंच सांगितलं की रात्रीनंतर जेवण बंद. मी काही विचारलं नाही. म्हटलं, जेवण बंद आहे, अर्धा कप चहानं काय होतंय? दिला.

आठ वाजता भूल देणारे डॉक्टर आले. "काही खाल्लं-प्यालं का?" मी म्हटलं, "नाही." होय, मी खोटं बोललो. मुसावादा वेरमणीचं शील रोज घेणारा माणूस भीतीपोटी खोटं बोलला. तेव्हा हीच म्हणाली, "डॉक्टर, दुधाचा चहा घेतलाय."

ऑपरेशन चार दिवस पुढे गेलं. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी मला समजावलं. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं, त्यात जीव जाऊ शकतो. दुधाचा चहा म्हंजे पोटाला अन्नच. हे ऐकून माझे पाय लटपटले.

गिरणीत पाळी बदलताना आम्ही नुसते निघून जात नव्हतो. येणाऱ्याला सांगायचो, या साच्याचा धोटा अडकतोय, त्या बाजूला तार तुटतेय. कापडासाठी एवढी काळजी घेणारे आम्ही, माणसाच्या खाटेपाशी मात्र मोघम बोलून घरी गेलो.

म्हणून त्याच दिवशी एक वही आणली. पाळ्या लावल्या. जो उठेल त्यानं लिहायचं : डॉक्टर काय म्हणाले, कुठली गोळी कधी दिली, काय बंद आणि कधीपासून. ही रक्त पातळ करायची गोळी घेत होती, ती कधी थांबवायची ते डॉक्टरांनीच सांगितलं, तेही लिहिलं. आणि भगिनींनो, हिची मिश्री मी लपवली होती, तीही सांगून टाकली. मिश्री, तंबाखू, दारू, झाडपाला, काही लपवू नका. डॉक्टर आपली अब्रू काढायला विचारत नाहीत.

संमतीपत्राचंही सांगतो. पहिल्यांदा मी न वाचता ते हिच्यापुढे धरलं, "कर सही." दुसऱ्यांदा डॉक्टरांना विनंती केली, मराठीत वाचून सांगा. धोका काय, दुसरा उपाय आहे का, हे हिनं स्वतः विचारलं. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाची संमती त्याची स्वतःचीच लागते, असं सुप्रीम कोर्टानं २००८ साली सांगितलं आहे. शरीर तिचं, निर्णय तिचा.

माझ्या चुकीमुळे मला ऑपरेशनची आदली रात्र दुसऱ्यांदा मिळाली. या वेळी मी हिला म्हटलं, "बोल, तुला काय सांगायचंय ते." ती तासभर बोलली. पोरीची शाळा, माझी औषधं, भिशीचे पैसे कुणाकडे आहेत. मी सगळं वहीत लिहिलं. शेवटी तिला वाचून दाखवलं. मग आम्ही दोघांनी हळू आवाजात त्रिसरण म्हटलं आणि ती झोपली, खरीखुरी. धीर देणं म्हंजे काही होणार नाही असं म्हणणं नव्हे. आजाऱ्याला मोकळं बोलू देणं हाही धीरच आहे.

आज समितीला माझी एकच विनंती आहे. आपल्या वस्तीत कुणी दाखल झालं की वीस जणांनी एकदम भेटायला जाऊन खाटेभोवती गर्दी करू नये. विहारात एक वही ठेवा, पाळ्यांची नावं लिहा. १८ वर्षांवरच्या आणि ४५ किलोंवरच्या धडधाकट पोरांनी रक्तदानासाठी आपली नावं द्या. एका वेळी साधारण ३५० मिलिलिटर रक्त घेतात, त्यानं अशक्तपणा राहत नाही. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं.

पहिलं नाव माझं लिहा. रात्रपाळी द्या, मला सवय आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!