विरोधातली एकटी पोर काय करणार?

(सोलापुरात प्रभागाच्या पोटनिवडणुकीच्या प्रचारात, पाळी सुटताना कारखान्याच्या फाटकावर केलेलं भाषण)



पाळी सुटली आहे, पोटात भूक आहे, कानात अजून मागाची खडखड आहे. तेव्हा लांबण लावत नाही. मी काही वक्ता नव्हे. चौथीपर्यंत शाळा शिकलो, पुढची शाळा मागावर झाली. युनियनचं काम करताना जे कळलं ते आपल्या बोलीत सांगतो.

आपल्या प्रभागातली एक जागा रिकामी झाली आणि आपण तिथं एक पोर उभी केली. सव्वीस वर्षांची. बाप तुमच्याआमच्यासारखा टॉवेलच्या मागावर, आई विड्या वळते. पोरगी शिकली आणि शिकून पळून गेली नाही. रोज संध्याकाळी दारात सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहून देते. विडीचं कार्ड, फंडाचा पैसा, रेशनमधून गळालेलं नाव, पोराचा दाखला. कुणाकडून चहासुद्धा घेत नाही. ज्यांचे अर्ज तिनं लिहिले त्यांनी हात वर करा बघू. बघा! मोजायचे म्हटले तर दुसरी पाळी सुरू होईल.

मग अडलं कुठं? परवा टपरीवर आपलाच एक गडी मला म्हणाला, "दादा, पोरगी चांगली हाय, खोटं कशाला बोलू? पण ती विरोधातली. महापालिकेत सत्ता त्यांची, निधी त्यांच्या हातात. ही एकटी तिथं जाऊन काय करणार?"

बंधूंनो, हा प्रश्न वेड्याचा नाही. नळाला पाणी पाहिजे, गटार वाहतं पाहिजे, तर ज्याच्या हातात तिजोरी त्यालाच मत द्यावं, असं गरिबाला वाटतं. मलाही एके काळी वाटायचं. म्हणून याच प्रश्नाला धरून बोलतो.

मुंबईत गोरेगाव म्हणून उपनगर आहे. तिथं पाण्याचे फार हाल होते. 1961 साली तिथून मृणाल गोरे नावाची समाजवादी बाई मुंबई महापालिकेत निवडून गेली. वय तेहतीस. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून लोकांच्या कामात पडलेली. नवरा 1958 साली वारलेला, पदरात लहान मुलगी. सत्ता कुणाची? काँग्रेसची. निधी कुणाच्या हातात? काँग्रेसच्या. या बाईच्या हातात काय? सभागृहातला एक माईक, आणि पाठीमागं हंडे घेतलेल्या बाया. तिनं सभेत प्रश्न विचारून साहेबलोकांना घाम फोडला आणि बाहेर बायांचा मोर्चा नेऊन उभा केला. आत ती, बाहेर लोक. पाण्यासाठी ती एवढी भांडली की लोकांनी तिला "पाणीवाली बाई" हेच नाव ठेवलं. 1972 साली त्याच लोकांनी तिला आमदार केलं. तिजोरीच्या किल्ल्या हातात नसताना तिनं हे नाव कमावलं, हे ध्यानात घ्या.

मुंबई कशाला, आपल्या कुंभारीच्या माळावर चला. रे नगरची घरं तुम्ही पाहिलीत, काहीजण तिथं राहायलाही गेलात. तीस हजार घरांची ती योजना. ही मागणी कुणी धरली? आडम मास्तर आणि लाल बावट्याच्या लोकांनी. ते सत्तेत होते का? नव्हते. वर्षानुवर्षं मोर्चे काढले, मुंबई-दिल्लीचे उंबरे झिजवले. आणि 19 जानेवारी 2024 ला पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या द्यायला कोण आलं? देशाचे पंतप्रधान! पक्ष वेगळा, झेंडा वेगळा, पण यावं लागलं. मागणी नेटानं धरली की सत्तेलाच तुमच्या माळावर यावं लागतं, ते असं.

आता मला सांगा, जो नगरसेवक सत्तेच्या पंगतीला बसला, तो सभेत वाढप्याला विचारील का, की भात करपला कसा म्हणून? गुमान गिळणार. रस्ता सहा महिन्यांत उखडला, ठेका कुणाला दिला होता? टाकी बांधली, मग आमच्या गल्लीत पाणी रात्री दोनलाच का? हे विचारायला पंगतीबाहेरचं माणूस लागतं. एकदा प्रश्न सभेत विचारला की तो इतिवृत्तात जातो, उत्तर कागदावर द्यावं लागतं. कागदाला आपली पोर भीत नाही. तिचा जन्म अर्ज लिहिण्यात चाललाय!

आणि नगरसेवक नसला म्हणजे काय होतं, ते आपण भोगलं आहे. 2022 साली मुदत संपली, आणि जानेवारी 2026 पर्यंत निवडणूकच झाली नाही. जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार. साहेब वाईट होते असं मी म्हणत नाही. पण साहेबाला तुमच्या दारात मत मागायला यायचं नसतं. उन्हाळ्यात चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी आलं तेव्हा आपण कुणाच्या नावानं बोंब मारायची, तेच कळत नव्हतं.

दुसरं म्हणतात, पोरगी लहान आहे. कायदा म्हणतो, एकवीस वर्षं पुरी झाली की महापालिकेला उभं राहता येतं. तिला तर वर पाच झाली. आणि सोलापुरात कुणी वय विचारू नये. चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत, तिथं जाऊन उभे राहा. त्यातला कुर्बान हुसेन हा गिरणी कामगार. विशी नुकती उलटली होती. 12 जानेवारी 1931 ला येरवड्याच्या तुरुंगात फासावर चढला. त्याला कुणी म्हटलं नाही, बाळा, तू अजून लहान आहेस.

तिसरी गोष्ट कुणी मोठ्यानं बोलत नाही, कानात कुजबुजतात. "ती घरात तेलुगू बोलते. आपण मराठीसाठी झगडलो, मग मत तिला कसं?"

हे ऐकून माझं डोकं फिरलं, खरं सांगतो. अरे, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ शेजारच्या मागावरल्या पद्मशाली अन्नाच्या विरुद्ध होती का? शंभरावर माणसं हुतात्मा झाली, त्यात गिरणी कामगार किती! ती कशासाठी गेली? लोकांचं राज्य लोकांच्या भाषेत चालावं म्हणून. 1957 साली समितीनं मुंबई महापालिका जिंकली, दोंदे महापौर झाले, दुसऱ्या वर्षी कॉम्रेड मिरजकर झाले. तेव्हासुद्धा समिती राज्यात विरोधातच होती. आणि ही पोर काय करते? माझ्या आईचा मराठीतला अर्ज मराठीत लिहून देते, आणि ज्या अक्काला मराठी वाचता येत नाही तिला तोच अर्ज तेलुगूत समजावून सांगते. मराठीची सेवा आणखी कशी असते? धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन, शिंदे. चार हुतात्म्यांची ही नावं एकदा मोठ्यानं वाचा आणि मग मला भाषा सांगा.

थोडं पैशाचंही बोलतो. मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटं फिरणार, हे तुम्हाला माहीत, मला माहीत, पोलिसालाही माहीत. समजा हजार रुपये आले. आपण तुकड्यावर मजुरी घेणारी माणसं, हिशेब आपल्याला शिकवायला नको. चार वर्षं म्हणजे 1460 दिवस. हजाराला भागा. दिवसाला सत्तर पैसेसुद्धा पडत नाहीत! एवढ्या दरात आपण तुटलेला दोरासुद्धा जोडत नाही.

आता माझी एक चूक कबूल करतो. 2017 साली मी मतच टाकलं नाही. नवा बीम चढवला होता, उठलो असतो तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली असती. मत संध्याकाळपर्यंत टाकू म्हटलं, आणि संध्याकाळ झाली. माझी म्हातारी काठी टेकत जाऊन मत टाकून आली, आणि मी तिचा धडधाकट पोरगा मागापुढं उभा. रात्री जेवताना ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पुढं गटार तुंबलं की मी शिव्या द्यायचो, आणि ती नुसती माझ्याकडं बघायची.

म्हणून या वेळी अशी व्यवस्था करू. रातपाळीवाल्यांनी पाळी सुटली की घरी न जाता सरळ केंद्रावर यायचं, झोप नंतर. दिवसपाळीवाल्यांनी जोड्या करा, एकानं दोघांचे माग बघायचे, दुसऱ्यानं मत टाकून यायचं, मग पहिल्यानं जायचं. मालक कुरकुरला तर मला बोलवा. विडी कामगार बहिणींनी माल द्यायला जायच्या आधी गल्लीगल्लीनं एकत्र निघा. यादीत नाव कुठं आहे, कोणतं केंद्र आहे, ते आजच बघून घ्या. पोरगी आणि तिच्या मैत्रिणी शाळेसमोर यादी घेऊन रात्री दहापर्यंत बसल्या आहेत. मी मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता चौकात उभा असेन, आणि या वेळी म्हातारी माझ्याबरोबर असेल.