विजेत्याचा गौरव आणि मैदानाची राखण

(शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



एखाद्या खेळाडूने नाव कमावले की त्याची मिरवणूक निघते, हारतुरे होतात, भाषणे होतात. समाजाने आपल्या गुणवंतांचे कौतुक करावे हे योग्यच आहे. परंतु ते कौतुक नेमके कशाचे असते, आणि मिरवणूक संपल्यावर त्यातून मागे काय उरते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आज आपणांपुढे जे उदाहरण मी ठेवणार आहे ते जपानमधील आहे आणि आपल्याकडे फारसा परिचित नसलेल्या खेळातील आहे. तरीही शाळा, पंचायत आणि शासकीय कचेरी यांतून काम करणाऱ्यांनी ते समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

२२ एप्रिल २०१८ रोजी जपानच्या ईशान्येकडील सेंदाई शहरात एक मिरवणूक निघाली. रस्त्याच्या दुतर्फा सुमारे १ लाख ८ हजार माणसे उभी होती. उघड्या मोटारीतून हात हलवीत जाणारा तरुण अवघा २३ वर्षांचा होता. त्याचे नाव युझुरू हान्यू. दोन महिन्यांपूर्वी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, दक्षिण कोरियातील प्योंगचांग येथील हिवाळी ऑलिंपिक स्पर्धेत त्याने फिगर स्केटिंग या प्रकारातील पुरुषांचे सुवर्णपदक मिळविले होते. २०१४ साली रशियातील सोची येथेही हेच पदक त्याने जिंकले होते. पुरुषांच्या एकेरीत लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविण्याचा पराक्रम यापूर्वी अमेरिकेच्या डिक बटन यांनी १९४८ व १९५२ साली केला होता. त्यानंतर ६६ वर्षे तो कोणासही साधला नव्हता. त्याच वर्षी जपान सरकारने हान्यूला राष्ट्रीय लोकसन्मान पुरस्कार दिला. हा सन्मान व्यक्तिशः मिळविणाऱ्यांत तो सर्वांत तरुण ठरला.

खेळाचे स्वरूप

प्रथम या खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. फिगर स्केटिंगचा खेळाडू तळाशी पोलादी पाते बसविलेले बूट घालून बर्फाच्या मैदानावर, म्हणजे रिंकवर, संगीताच्या साथीने आपली रचना सादर करतो. तीत वेग असतो, नृत्य असते, जागच्या जागी घेतलेल्या गिरक्या असतात आणि हवेत उडी मारून पूर्ण केलेले वेढे असतात. परीक्षक तांत्रिक कौशल्य आणि कलात्मक सादरीकरण या दोहोंना गुण देतात. उड्यांचे मुख्य प्रकार सहा. त्यांपैकी ‘ॲक्सेल’ ही सर्वांत कठीण. नॉर्वेच्या ॲक्सेल पॉलसन यांनी १८८२ साली ती प्रथम करून दाखविली, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. इतर पाच उड्या पाठमोऱ्या घेतल्या जातात. ही एकच समोर तोंड करून घ्यावयाची आणि पाठमोरे उतरावयाचे. त्यामुळे तीत अर्धा वेढा अधिक होतो. चौपदरी ॲक्सेल म्हणजे हवेत साडेचार वेढे, आणि तेही एका सेकंदाहून कमी वेळात.

असा खेळ नदीकाठी किंवा माळावर शिकता येत नाही. बंदिस्त रिंकच्या फरशीखाली नळ्यांचे जाळे असते आणि त्यांतून अतिशीत द्राव अखंड फिरवावा लागतो. खेळाडूंच्या पात्यांनी चरे पडलेला पृष्ठभाग यंत्राने खरवडून त्यावर पुनःपुन्हा पाणी पसरावे लागते. यंत्रसामग्री, वीज आणि देखभाल यांचा खर्च बारमाही. म्हणून या खेळात मुलाचे गुण जेवढे महत्त्वाचे, तेवढीच त्याच्या गावातील सोय महत्त्वाची ठरते.

बंद पडलेले रिंक

हान्यूचा जन्म ७ डिसेंबर १९९४ रोजी सेंदाई येथे झाला. लहान वयातच त्यास दम्याचा विकार जडला. चौथ्या वर्षी थोरल्या बहिणीच्या पाठोपाठ तो रिंकवर गेला आणि तेथेच रमला. परंतु तो दहा वर्षांच्या आसपास असताना, २००४ साली, त्याचे रिंक आर्थिक अडचणीमुळे बंद पडले. सरावाचे तास घटले आणि उपलब्ध असेल त्या दुसऱ्या जागेवर भागवावे लागले. अशा वेळी किती गुणी मुले खेळ सोडून देतात, त्याची नोंद कोठेच होत नसते. पराभूतांची नावे निदान निकालपत्रकावर येतात. मैदानाअभावी जी खेळलीच नाहीत त्यांची नावे कोणत्याच कागदावर येत नाहीत.

सेंदाईचे रिंक मात्र पुन्हा उघडले. याच शहरात घडलेल्या शिझुका अराकावा यांनी २००६ साली इटलीतील ट्युरिन येथे महिलांचे सुवर्णपदक जिंकले. गौरवाच्या त्या दिवसांत त्यांनी आपल्या गावातील रिंकच्या दुरवस्थेकडे प्रांताच्या व शहराच्या प्रशासनाचे लक्ष वेधले. प्रशासनाने साहाय्याचा हात दिला आणि २००७ साली रिंक नव्या नावाने सुरू झाले. एका विजेतीच्या गौरवातून रिंक वाचले आणि त्या रिंकवर पुढचा विजेता उभा राहिला. माझ्या आजच्या सांगण्याचे सार एवढेच आहे.

११ मार्च २०११

यानंतर चारच वर्षांनी त्या भूमीवर भीषण संकट कोसळले. ११ मार्च २०११ रोजी दुपारी ९ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पाठोपाठ समुद्राच्या प्रचंड लाटा किनाऱ्यावर चालून आल्या. १८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली अथवा बेपत्ता झाली. सोळा वर्षांचा हान्यू त्या वेळी रिंकवर सराव करीत होता. पायांतील स्केट्स काढण्यासही सवड नव्हती. तसाच तो बाहेर धावला. पुढील काही दिवस त्याच्या कुटुंबाने निवारा केंद्रात काढले. रिंक पुन्हा एकदा बंद झाले.

शेजारीपाजारी घरे गमावून बसले असताना आपण खेळत राहावे काय, हा प्रश्न त्या मुलाला पडला. योकोहामा येथे लहानपणीचे गुरू शोइचिरो त्सुझुकी यांच्याकडे त्याने पुन्हा सराव सुरू केला. स्वतःचे रिंक नसल्यामुळे गावोगावी होणाऱ्या स्केटिंगच्या प्रयोगांतून मिळेल तेवढा वेळ तो सरावासाठी वापरू लागला. त्या वर्षी अशा सुमारे ६० प्रयोगांत त्याने भाग घेतला. ठिकठिकाणच्या प्रेक्षकांनी त्यास धीर दिला, पत्रे लिहिली. पुढील वर्षी फ्रान्समधील नीस येथे जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळविले. आपद्‌ग्रस्तांना आपण आधार देतो आहोत असे आपल्याला वाटत होते, प्रत्यक्षात आधार आपल्यालाच मिळत होता, अशा आशयाचे उद्गार त्याने त्या सुमारास काढले. खेळाडू आणि चाहते यांच्यातील नाते दुहेरी असते, ते असे.

साधनेची दिनचर्या

२०१२ साली तो कॅनडातील टोरांटो येथे प्रशिक्षक ब्रायन ऑर्सर यांच्याकडे गेला. तेथे स्पेनचा हावियर फर्नांडिस हा त्याच्याच प्रशिक्षकाचा शिष्य होता. २०१५ व २०१६ या दोन्ही वर्षी जागतिक अजिंक्यपद या फर्नांडिसने हान्यूला मागे टाकून मिळविले. प्रतिस्पर्धी एकाच बर्फावर, एकाच गुरूच्या नजरेखाली रोज सराव करीत होते आणि एकमेकांचे मित्रही होते.

शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी त्याची एक सवय आहे. लहानपणापासून तो वही ठेवीत असे. आज कोणती उडी साधली, कोणती चुकली, खांदा कोठे होता, वेग किती होता, याची टिपणे तो काढी. पुढे वासेदा विद्यापीठात शिकताना त्याने हाच विषय प्रबंधासाठी घेतला. शरीराची हालचाल मोजणारी साधने लावून त्याने स्वतःच्या उड्यांचा अभ्यास केला आणि २०२० साली पदवी पूर्ण केली. मैदान आणि वर्ग या दोन वेगळ्या वाटा आहेत असे मानणाऱ्या पालकांना हे उदाहरण अवश्य सांगावे.

दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओसाका येथे सराव करताना त्याचा उजवा घोटा जायबंदी झाला. दोन महिन्यांच्या सुमारास त्यास बर्फावर उतरता आले नाही. त्यानंतर थेट ऑलिंपिकच्या बर्फावर उतरून त्याने पहिल्या फेरीत १११.६८ आणि एकूण ३१७.८५ गुण मिळविले. सेंदाईच्या रस्त्यावर जमलेल्या माणसांना हे सारे ठाऊक होते. ते केवळ पदक पाहावयास आले नव्हते.

चाहत्यांची शिस्त

हान्यूच्या चाहत्यांविषयी जगभर कुतूहल आहे. त्याची रचना संपली की प्रेक्षागारातून बर्फावर ‘विनी द पू’ या पिवळ्या अस्वलाच्या बाहुल्यांचा अक्षरशः पाऊस पडत असे. या अस्वलाच्या आकाराची रुमालपेटी तो रिंकच्या कडेस ठेवी, त्यावरून ही प्रथा पडली. लहान मुलेमुली स्केट्स घालून येत आणि बाहुल्या गोळा करीत. या बाहुल्यांचे पुढे काय होई? त्या जेथे स्पर्धा असे तेथील रुग्णालयांना व मुलांच्या संस्थांना दिल्या जात. प्योंगचांग येथील बाहुल्याही त्याच परिसरातील लोकांना देण्यात आल्या.

आणखी एक बारीक गोष्ट मला फार बोलकी वाटते. जपानमधील प्रेक्षक बर्फावर टाकावयाची फुले पारदर्शक वेष्टनात घट्ट गुंडाळून आणत असत. एखादी पाकळी बर्फावर राहिली तर पुढे येणाऱ्या खेळाडूचे पाते तीत अडकून तो पडेल, ही त्यामागील काळजी. पुढे येणारा खेळाडू बहुधा आपल्या आवडत्या खेळाडूचा प्रतिस्पर्धीच असतो. तरीही त्याच्या पायाखालचे बर्फ स्वच्छ राहावे असे ज्यास वाटते, त्याच्या कौतुकास संस्कृती म्हणावे.

खेळाडूनेही या प्रेमाची परतफेड केली. आपल्या आत्मकथनपर पुस्तकांचे मानधन त्याने सेंदाईच्या त्याच रिंकला दिले. पदकांसोबत मिळालेल्या रकमाही भूकंपग्रस्तांच्या पुनर्वसनाकडे वळविल्या.

पराभवातील गौरव

२०२० साली साथीमुळे प्रवास थांबला. प्रशिक्षक कॅनडात आणि हान्यू सेंदाईत. तो एकट्याने सराव करू लागला. तोवर कोणीही स्पर्धेत न साधलेली चौपदरी ॲक्सेल साध्य करणे हेच त्याने ध्येय ठरविले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या पहिल्या फेरीत त्याचे पाते बर्फातील एका खाचेत अडकले, ठरलेली उडी हुकली आणि तो आठव्या स्थानी गेला. दुसऱ्या फेरीत सावधपणे खेळून पदकाजवळ जाण्याचा मार्ग त्यास मोकळा होता. त्याने चौपदरी ॲक्सेलच घेतली. वेढे किंचित अपुरे राहिले, तो पडला, उठला आणि उरलेली रचना त्याने पूर्ण केली. तो चौथा आला. परंतु चौपदरी ॲक्सेल म्हणून अधिकृत गुणपत्रकात नोंद झालेला हा जगातील पहिला प्रयत्न ठरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या इलिया मालिनिन याने ती उडी निर्दोष साधली.

चाहत्यांनी त्या चौथ्या क्रमांकासही पदकाइतकाच मान दिला. जुलै २०२२ मध्ये त्याने स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेऊन व्यावसायिक सादरीकरणाचा मार्ग स्वीकारला. मार्च २०२३ मध्ये मियागी प्रांतातील ज्या क्रीडागारात त्याने स्मरणाचा प्रयोग केला, तेथे २०११ साली आपत्तीत दगावलेल्यांचे देह ठेवण्यात आले होते. त्याच जागी बर्फ पसरून त्याने आपली कला सादर केली.

आपल्यापुरता बोध

आपल्या राज्यालाही अशा गौरवाची परंपरा आहे. ज्या १९५२ साली डिक बटन यांनी दुसरे सुवर्णपदक घेतले, त्याच वर्षी हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी जमविली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले होते. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती सुंदर होतीच. परंतु ती निघण्याआधी गावाने आपला वाटा उचलला होता, म्हणून ती अधिक शोभली.

आपल्याला बर्फाची रिंके उभारावयाची नाहीत. आपल्या शाळेची धावपट्टी, गावची तालीम, खो-खोचे आखलेले मैदान हीच आपली रिंके आहेत. मैदानावर साहित्याचे ढीग पडले, तालमीचे छप्पर गळू लागले, खेळाचा तास दुसऱ्या विषयास दिला गेला, की त्या क्षणी आपल्यातील एखादा खेळाडू नाहीसा होतो आणि त्याचा कोणास पत्ताही लागत नाही. पंचायतीच्या अंदाजपत्रकात सत्कारासाठी जेव्हा तरतूद सुचविली जाईल, तेव्हा मैदानाच्या देखभालीची तरतूद आधी झाली आहे किंवा कसे, एवढे सदस्यांनी विचारावे. शिक्षकांनी पहिल्या आलेल्या मुलाबरोबर चौथ्या आलेल्या मुलाचीही पाठ थोपटावी, आणि त्याच्या हाती एक वही द्यावी.

सेंदाईचे रिंक २००४ साली बंद झाले ते झालेच असते, तर २०१८ च्या त्या मिरवणुकीला निमित्तच उरले नसते.